संजीवनीताईंची बिननावाची मांडणी

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर विंझरजवळ एक पिठाची गिरणी लागते. ती संजीवनीताई चालवतात. गिरणीच्या मागच्या अंगाला पत्र्याची पडवी आहे आणि त्या पडवीत एक लोखंडी मांडणी उभी आहे. आईबाप दोघेही दिवसभर कामावर असलेल्या आमच्या भागातल्या घरांना त्या मांडणीचा जितका उपयोग झाला, तितका मी ज्या ज्या कार्यालयांकडे अर्ज केले त्यांपैकी एकाचाही झालेला नाही. हे विधान मी जबाबदारीने करतो. सगळ्या अर्जांच्या पोचपावत्या माझ्याजवळ आहेत.

मांडणीवर मुलांच्या वस्तू असतात. तोकडा झालेला पण न विटलेला गणवेश, पाय वाढल्यामुळे न होणारे बूट, रेनकोट, पाण्याची बाटली, दप्तर, मागल्या इयत्तेची पुस्तके. एका घरात अडगळ झालेली वस्तू तिथे येते आणि दुसऱ्या घराची निकड भागवायला जाते. शेजारच्या भिंतीवर एक फळा आहे. लसीकरणाला नर्सबाई कोणत्या वारी येणार, शिष्यवृत्तीच्या फॉर्मची शेवटची तारीख कोणती, उत्पन्नाच्या दाखल्याला कोणते कागद जोडले म्हणजे दुसरी खेप पडत नाही, नसरापूरच्या कोणत्या दुकानात गेल्या वर्षीच्या स्वाध्यायपुस्तिका निम्म्या किमतीत मिळतात, हे सारे संजीवनीताई दर रविवारी त्या फळ्यावर लिहितात. पहाटे साडेपाचच्या बसने महामार्गावरच्या कंपनीत जाणाऱ्या बाईला तीन रजा खर्चून जे कळले असते, ते त्या फळ्याकडे एकदा पाहून कळते. मी एकोणीस वर्षे विनाअनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात शिकवले, माझी मान्यता आजतागायत आलेली नाही, आणि या उद्योगातला माझा वाटा एवढाच की फळ्यावरचे शुद्धलेखन मी तपासून देतो.

या मांडणीचा एकच नियम आहे. कोणाचेही नाव लिहायचे नाही. पडवीला मागच्या बोळातून वेगळी वाट आहे. संध्याकाळी बस परतली की बायका त्या वाटेने येतात आणि हवे ते घेऊन जातात. त्या वेळी संजीवनीताई गिरणीत पडवीकडे पाठ करून बसतात आणि गिरणी चालू ठेवतात. मी त्यांना वारंवार सांगत असे, "ताई, नोंदवही ठेवा. देणारा कोण, नेणारा कोण, तारीख, सही. उद्या काही झालं तर तुमच्याकडे कागद हवा."

"सही मागितली की सर, बाया रेशनच्या लायनीत उभ्या ऱ्हायल्यागत उभ्या ऱ्हात्यात," त्या म्हणत. "दुसऱ्या बारीला येत न्हाईत. आन् तुमची वही वाचायला मातूर सगळा गाव येईल."

दुसरे कारण त्यांनी कधी बोलून दाखवले नाही. मला ते उमजायला दोन वर्षे लागली. संजीवनीताईंचे घर बौद्धवस्तीत आहे. गणवेश कोणत्या आळीतून आला हे कळले असते, तर काही हात तो उचलण्याआधी मागे सरले असते. नाव नसले की वस्तू फक्त वस्तू राहते. मला शिक्षणाने जे शिकवले नाही ते या बाईने मांडणीच्या एका नियमात बसवले होते, आणि मी मात्र वहीचा आग्रह धरून बसलो होतो.

शाळा सुरू होऊन आठवडा झाला होता. गुरुवारी सकाळी पावणेदहाच्या सुमारास मी गव्हाचा डबा घेऊन गिरणीत उभा होतो. पुढे तीन-चार माणसे होती. तेवढ्यात गेनबा आले. खालच्या शिवारातले हे वयस्क शेतकरी सहसा घाई करत नाहीत. त्या दिवशी त्यांना धाप लागली होती.

"ताई, परवा आमच्या सुनंनं नातवाचं निळं दप्तर आणून दिलं व्हतं. हाय का?"

"काल सांजचंच गेलं की, आबा. परत पायजे व्हतं का?"

"दप्तर न्हाई. त्याच्या बाजूच्या कप्प्यात माजी बाटली ऱ्हायली."

"कसली बाटली?"

गेनबांनी गिरणीच्या उंबऱ्याला हात टेकला. "तणनाशकाची."

आमच्याकडे तणनाशकाचा मोठा कॅन चौघे मिळून घेतात, कारण लहान बाटली महाग पडते. कॅन एकाच्या घरी राहतो आणि बाकीचे आपापला वाटा घरातल्या रिकाम्या बाटलीत ओतून नेतात. गेनबांनी नेली होती ती नातवाच्या खोकल्याच्या औषधाची तपकिरी बाटली. तिच्यावरचे लेबल शाबूत होते. नातवाला नवे दप्तर आल्यावर जुने दप्तर ते महिनाभर शेतात भाकरी आणि विळा न्यायला वापरत होते. सुनेने ते स्वच्छ पुसले आणि देऊन टाकले. आपल्या भागात हे इतके नेहमीचे आहे की यात चूक कोठे झाली, असे कोणाला विचारले तर त्याला ती दाखवता यायची नाही.

संजीवनीताईंनी खटका बंद केला. पट्टा मंदावत थांबला.

"बाजूचा कप्पा म्या उघडलाच न्हाई," त्या म्हणाल्या. "रोज समदं उलटं करून झटकते. परवा गर्दी व्हती. मोठा कप्पा बघितला आन् ठिवून दिलं."

"नेलं कोणी?" मी विचारले. उत्तर मला ठाऊक होते.

"मला म्हाईत न्हाई, सर."

मी घाबरलो होतो, हे खरे आहे. पण त्याच क्षणी, मी वही ठेवायला सांगत होतो, असा एक क्षुद्र विचारही मनात येऊन गेला, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

पुढचा अर्धा तास मला तपशीलवार आठवतो. कंपनीत गेलेल्या बायकांना फोन करण्यात अर्थ नव्हता. त्यांचे मोबाईल फाटकावरच्या कपाटात जमा असतात आणि पाळी सुटेपर्यंत मिळत नाहीत. उरल्या शाळा. केंद्रातल्या सातही शाळांच्या शिक्षकांचा एक गट माझ्या मोबाईलवर आहे. मी तिथल्या तिथे मजकूर तयार केला: "संजीवनीताईंच्या मांडणीवरून काल निळे दप्तर नेलेल्या पालकाचे नाव तातडीने कळवावे." ताईंनी मोबाईल माझ्या हातातून घेतला आणि वाचला.

"हे चालायचं न्हाई."

"ताई, ही वेळ कोणाची अब्रू सांभाळण्याची नाही."

"म्या अब्रूचं म्हनतच न्हाई. 'मांडणीवरनं' वाचलं की जिनं नेलंय तिच्या घरचं मानूस दप्तर माळ्यावर टाकंल आन् गप बसंल. बाटली घरातच ऱ्हाईल. असं लिवा, निळं दप्तर जिथं जिथं असंल तिथं कप्पं बघा. कुठूनबी आणलेलं असू द्या. बाटली घावली तर उघडू नका, ईख हाय."

मी तसे लिहिले, 'ईख'च्या जागी 'विष' घातले आणि पाठवले. रांगेतल्या माणसांनी आपापल्या ओळखीच्या घरी फोन लावायला सुरुवात केली. संजीवनीताईंनी गेनबांना विचारले, "कॅन कुणाकडं हाय, आबा?"

"आनंदरावाकडं."

"तो घेऊन या. रिकामा असंल तरी आणा. लागला तर डॉक्टर आधी नाव इचारत्यात."

गेनबा आले होते त्याहून वेगाने गेले.

उत्तरे येऊ लागली. आमच्याकडे निळी चार, तपासली, काही नाही. आमच्याकडे निळी सहा, काही नाही. मुलांकडून सर्व दप्तरे रिकामी करून घेतली, काही नाही. प्रत्येक उत्तराने दिलासा मिळायला हवा होता. उलट जी शाळा उरत होती तिचे भय तितके वाढत होते. सगळ्यात शेवटी वरच्या वाडीच्या शाळेचा संदेश आला. तो मी मोठ्याने वाचला, आणि वाचायला नको होता. "पट एकोणीस, हजर अठरा. निळी दोन, तपासली. गैरहजर प्रेरणा, इयत्ता तिसरी. खोकला असल्यामुळे घरी आहे."

"अश्विनीची," रांगेतली एक बाई म्हणाली. "आई कंपनीत, बाप पुण्यात. घरात म्हातारी अंबूबाई एकलीच. तिला धड दिसतबी न्हाई."

त्या घरचा फोन लागत नव्हता. मी स्कूटर काढली आणि संजीवनीताई मागे बसल्या. वाडी अडीच किलोमीटर वर आहे आणि रस्ता चढाचा आहे. तो खडीकरणासाठी दोनदा मंजूर होऊन दोनदा कागदावरच पूर्ण झालेला रस्ता मी त्या दिवशी पहिल्यांदाच मनातून शिव्या न देता चढलो. ताईंनी माझा सदरा पाठीमागून इतका घट्ट धरला होता की गळपट्टी गळ्याला काचत होती. साऱ्या वाटेत त्या एकदाच बोलल्या.

"सर, चमच्यानं देत असंल का झाकणानं?"

मी स्कूटरचा वेग वाढवला.

अंबूबाई ओटीवर बोटांनी चाचपत तांदूळ निवडत बसल्या होत्या. आत गोधडीवर प्रेरणा कुशीवर निजली होती. खुंटीला निळे दप्तर होते. त्याच्या बाजूच्या कप्प्याची चेन उघडी होती आणि कप्पा रिकामा होता.

"आजी," ताई खाली बसत म्हणाल्या, "पोरीला खोकल्याचं काय दिलं का?"

"दिलं की. सकाळधरनं खोकून खोकून जीव चाललावता तिचा. आईनं बाटली आणून दप्तरात ठिवलीवती. सांगायची इसरली असंल बाय, लई दमून येती. त्यातलं चमचाभर दिलं."

"कवा दिलं?"

"तुमी कोन म्हनायचं?"

"गिरणीवाली संजीवनी. आजी, कवा दिलं?"

"मगाशी यष्टी गेली न्हाई का खालनं, तवा. निम्मं थुकलं कार्टीनं. घाण लागतंय म्हनली. म्या म्हनलं, गप गिळ, आईनं राबून आणलंय. दुसरा चमचा दुपारच्याला ठिवलाय."

बाटली कोनाड्यात होती. तिच्या बुचावर चमचा आडवा ठेवलेला होता.

एसटी जाऊन वीस-पंचवीस मिनिटे झाली होती. मी रुग्णवाहिकेला फोन लावला. चाळीस मिनिटे लागतील, असे सांगण्यात आले. त्याबद्दलची माझी तक्रार अद्याप प्रलंबित आहे. मग फाट्यावर प्रवासी वाहतुकीची वडाप जीप लावणाऱ्या बंडूला फोन केला. त्याच्या जीपमध्ये नऊ माणसे नसरापूरच्या बाजाराला निघाली होती. कारण ऐकल्यावर ती कोणी न सांगता उतरली, असे त्याने नंतर सांगितले. तो दहा मिनिटांत वर आला.

तोवर संजीवनीताईंनी पोरीला मांडीवर घेऊन तिचे तोंड पाण्याने धुतले होते. ओठाच्या कडेला लाल चट्टा उठला होता. "खोकल्याचं न्हाई का ते?" पोरीने विचारले. "न्हाई गं बाळा. दवाखान्यातलं देऊ तुला," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा होता. अंबूबाईंना काही सांगावे लागले नाही. त्यांनी कोनाड्यातला चमचा उचलला, नाकाशी नेला आणि तशाच उभ्या राहिल्या. जीपमध्ये बसेपर्यंत तो चमचा त्यांच्या मुठीत होता.

महामार्गालगतच्या रुग्णालयात डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला: काय पोटात गेले? बाटलीवर खोकल्याच्या औषधाचे नाव होते आणि आम्हांला दुसरे कोणतेही नाव सांगता येत नव्हते. नळी घातली गेली, सलाईन लागले, पण नेमके कशाशी झुंजायचे ते डॉक्टरांना ठाऊक नव्हते. पंधरा मिनिटांनी गेनबा कोणाच्या तरी मोटारसायकलवरून आले. पोत्यात गुंडाळलेला कॅन त्यांनी छातीशी धरला होता. डॉक्टरांनी त्यावरचे नाव वाचले, कॅन खाली ठेवला, हात धुतले आणि मग बोलले.

"थुंकली, हे नशीब. पण याचा परिणाम आज दिसत नाही. आधी मूत्रपिंडं, मग फुप्फुसं. पंधरा दिवस गेल्याशिवाय मी तुम्हांला काही सांगणार नाही. पुण्याला हलवा."

पोर खाटेवर बसून गेनबांच्या पोत्याकडे कुतूहलाने पाहत होती. तिला काही दुखत नव्हते. सगळ्यांत भयंकर तेच होते.

बंडूने कंपनीच्या फाटकावर जाऊन निरोप दिल्यावर अश्विनी आली ती कंपनीच्या निळ्या कोटात, केसांवरची जाळीची टोपी तशीच. विषबाधेचे प्रकरण म्हणून पोलीस हवालदार जबाब घ्यायला आलेच होते. त्यांनी विचारले, "दप्तर कुठून आलं?"

"भोरच्या बाजारातनं घेतलं," अश्विनी म्हणाली.

अंबूबाईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिले. पोर जगते की नाही याचा पत्ता नसताना एका आईला असे सांगावेसे वाटावे, ही गोष्ट कोणाला हास्यास्पद वाटत असेल तर त्याने आमच्या भागात एक वर्ष राहून पाहावे.

"दप्तर माझ्या घरचं, साहेब," संजीवनीताई म्हणाल्या. "म्या दिलं. कप्पा बघायचा म्याच ऱ्हायले."

"बाटली माजी हाय," गेनबा म्हणाले. "तिचा काय संबंद?"

हवालदारांनी पेन थांबवले. "एकानं बोला की ओ. तुम्ही शिकलेले दिसता, तुम्ही सांगा."

आयुष्यभर मी प्रत्येक कार्यालयाकडे खरे ते लेखी मागितले आहे. माझ्या जबाबात मी बाटली, गेनबा, कॅन, वेळ, सारे यथातथ्य लिहिले आणि त्याखाली लिहिले: "सदर दप्तर प्रेरणाच्या घरी कसे पोहोचले याची मला प्रत्यक्ष माहिती नाही." त्यातला शब्द न् शब्द खरा होता. ज्या नियमाविरुद्ध मी दोन वर्षे वाद घातला, त्याच्याच आडोशाला मी उभा राहिलो. अश्विनीने माझ्याकडे पाहिले नाही, पण डोक्यावरून काढलेली ती जाळीची टोपी चुरगळणारे तिचे हात थांबले.

पुढचे पंधरा दिवस आमच्या गावाने जसे काढले तसे मी कोणाला काढायला सांगणार नाही. दोन दिवस गिरणी बंद होती. मग लोकांच्या घरचे पीठ संपले आणि ती उघडावी लागली. पुण्याहून रोज सकाळी साडेनऊला अश्विनीचा फोन येई. त्या वेळी संजीवनीताई खटका बंद करत आणि रांग जागच्या जागी थांबे. लघवी झाली का, किती झाली, एवढाच प्रश्न असे. "झाली म्हनती," असे ताई म्हणाल्या की डबे पुढे सरकत. सहाव्या दिवशी, "कमी झाली म्हनती," असे त्या म्हणाल्या. त्या दिवशी बायका दळण तसेच ठेवून घरी गेल्या.

मांडणीवर ताईंनी चादर टाकली होती. पण बोळाच्या वाटेने वस्तू परत येऊ लागल्या. कधी कोण ठेवून जात होते, कळत नव्हते. दोन वर्षांत नेलेली दप्तरे, पाण्याच्या बाटल्या, डबे, एका बाळाचे पायमोजेसुद्धा. जणू घराघरांतून ती भीती वेचून काढून लोक इथे आणून टाकत होते. चादरीखाली जागा उरली नाही तेव्हा ढीग जमिनीवर आला. संजीवनीताई दुपारी त्या ढिगाशी बसत, एकेक कप्पा उलटा करत आणि बोटे फिरवून शिवणी चाचपत. काही सापडत नसे. काही न सापडल्याने त्यांना बरे वाटत असे, असे मला दिसले नाही. एकदा त्यांनी मला विचारले, "सर, ती वही आणू का? तुमी लिवाल?" मी नको म्हणालो. का म्हणालो ते त्यांना नीट सांगता आले नाही. वहीने त्या दिवशी कदाचित वीस मिनिटे वाचली असती. पण वही असती तर दोन वर्षे निम्मी पोरे पावसात रेनकोटावाचून शाळेत गेली असती, हेही तितकेच खरे होते. यातले अधिक वजनाचे कोणते, ते ठरवण्याची माझी तयारी नव्हती.

नवव्या दिवशी लघवी पूर्ववत झाली. सतराव्या दिवशी छातीचा फोटो स्वच्छ आला आणि प्रेरणाला घरी सोडले. महिन्याने पुन्हा दाखवायला सांगितले, तेव्हाही ठीक निघाले. ती आता शाळेत जाते. अंबूबाई मात्र तिला स्वतःच्या हाताने काही देत नाहीत. तांब्यातले पाणीसुद्धा आधी स्वतः पितात, थोडा वेळ थांबतात आणि मग तांब्या तिच्यापुढे सरकवतात. पोर त्यांना हसते. "आजी, पाणीच हाय गं," म्हणते. त्या हसत नाहीत.

गेल्या आठवड्यात संध्याकाळची बस आली तेव्हा मी गिरणीत होतो. दळणाला सात-आठ जण होते. अश्विनी बोळाच्या वाटेने न जाता पुढच्या दाराने, सगळ्यांच्या देखत आत आली.

"ताई, प्रेरणाला कंपास पायजे. हाय का तुमच्याकडं?"

कोणी तिच्याकडे वळून पाहिले नाही. संजीवनीताई उठल्या, मागून पत्र्याची कंपासपेटी घेऊन आल्या आणि पिठाने पांढऱ्या झालेल्या फळीवर ती उपडी केली. पट्टी, कर्कटक, कोनमापक, पेन्सिलीचा तुकडा. झाकणाची आतली बाजू त्यांनी पदराने पुसली, बिजागरीत नख घालून पाहिले, सगळे परत आत ठेवले आणि पेटी मिटली. अश्विनीने हात पुढे केला. ताईंनी पेटी दिली नाही. पुन्हा उघडली आणि पुन्हा उपडी केली.

"बघा, ताई," अश्विनी म्हणाली. "मला घाई न्हाई."